शॉकपमधले तेल आणि त्यावरची हवा

मोटारसायकलच्या इंजिनातले तेल बदलावे लागते हे सर्वांना ठाऊक असते. पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांतही तेल असते, तेही खराब होते, याची आठवण मात्र सहसा होत नाही. खडकाळ, चिखलाच्या वाटांसाठी बनवलेल्या जुन्या गाड्यांत, म्हणजे डर्ट बाइकमध्ये, हे दुर्लक्ष धोक्याचे ठरते. चाक जमिनीला टेकलेले राहिले तरच गाडी वळते आणि थांबते.

नळीत स्प्रिंग आहे, मग तेल कशाला? एका स्प्रिंगला वजन टांगून, खाली ओढून सोडा. ते बराच वेळ वरखाली होत राहते. आता तेच वजन एरंडेलात बुडवून पाहा. दोन-चार हेलकाव्यांत ते थांबते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. तेल तिचे उष्णतेत रूपांतर करते. शॉकपमध्ये चाक वरखाली होताना तेलाला लहान छिद्रांतून जावे लागते. छिद्रातला विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट. अशी तेलाची दुर्बिणीवजा नळी १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीत बसवली. जुन्या डर्ट बाइकचे शॉकप तत्त्वतः तसेच असतात.

वापराने तेलात धातूचा बारीक चुरा मिसळतो, सीलमधून पाणी शिरते, श्यानता बदलते. मग गाडीचे तोंड हेलकावे खाते आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगला दिला जातो. तपासणी सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने दाबा व सोडा. तोंड एकदा वर येऊन स्थिरावले तर ठीक, झुलत राहिले तर तेल पाहायला हवे. नळीवर तेलाचे कडे उमटत असेल तर सील गेले आहे. ते तेल ब्रेकवर पोचण्याआधी सील बदलावे.

तेल बदलण्यासाठी इंजिनाखाली भक्कम आधार देऊन चाक अधांतरी करतात. हवेचा वॉल्व्ह असल्यास आधी हवा सोडावी. वरचा क्लॅम्प सैल करून नळीचे टोपण थोडे ढिले करावे आणि मगच नळी उतरवावी, कारण सुटी नळी हातात धरून घट्ट टोपण फिरवणे कठीण जाते. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटच्या आट्यांवर टोपण उडू शकते, म्हणून तोंड बाजूला ठेवावे व डोळ्यांवर चष्मा असावा. स्प्रिंग काढून नळी उलटी करून पिचकारीसारखी चालवली की तेल निघते. करडा गाळ म्हणजे धातूची झीज, दुधट रंग म्हणजे पाणी.

नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या श्यानतेचेच हवे. एका कंपनीचे ‘१०’ दुसरीच्या ‘१०’ इतकेच दाट असेल असे नाही. डब्यावर ४० अंश सेल्सिअसची श्यानता सेंटिस्टोक्समध्ये दिली असेल तर तोच आकडा खरा.

आता खरी गंमत. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. म्हणजे तेल ओतून आपण मोजतो हवा! कारण ही कोंडलेली हवाही स्प्रिंगच आहे. समजा, दाबलेल्या नळीत हवेचा स्तंभ १५० मिमी आहे आणि चाकाची हालचाल २०० मिमी. पसरलेल्या नळीत स्तंभ ३५० मिमी होईल (नळीची जाडी सोडून दिली). बॉइलच्या नियमाने पूर्ण दाबल्यावर दाब ३५० ÷ १५०, म्हणजे सुमारे २.३ पट. तेल ५० मिमी जास्त भरले तर ३०० ÷ १००, म्हणजे ३ पट. अर्ध्या हालचालीला मात्र हेच आकडे १.४ आणि १.५ येतात. म्हणून पातळी वाढवली तर सुरुवातीला फरक फारसा कळत नाही, शेवटी शॉकप बराच कडक होतो. प्रत्यक्षात दाबताना हवा तापते व दाब आणखी वाढतो.

दोन्ही नळ्यांत पातळी सारखी हवी. तेल थोडे जास्तच ओतावे, नळी सावकाश वरखाली करून बुडबुडे काढावेत, दहा मिनिटे थांबावे. मग इंजेक्शनच्या सिरिंजला बारीक नळी जोडून ती काठापासून ठरलेल्या खोलीपर्यंत सोडावी आणि हवा येऊ लागेपर्यंत जादा तेल ओढून घ्यावे.