दोष ग्रहणाचा नाही, आईचाही नाही

"गरोदर बाईनं ग्रहणात विळीवर बसू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो." शहापूर-मुरबाडकडच्या गावांतून फिरताना हे वाक्य हमखास कानावर पडतं. शिकल्यासवरल्या घरांतही ग्रहण लागलं, की पोटुशी सून खोलीत बसून राहते. तेवढीच विश्रांती मिळते म्हणा! पण एखाद्या घरात खरंच दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं, की याच वाक्यानं आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

सापगावच्या पलीकडे एका पाड्यावर अशीच एक बाळंतीण भेटली. बाळ दीड महिन्याचं, पण अंगावर मांस नाही. दूध पाजलं की नाकावाटे बाहेर यायचं. सासूचं एकच पालुपद, "सातव्या महिन्यात गिराण लागलं तवा हिनं भाजी चिरली." सून खाली मान घालून ऐकत होती. दवाखान्यात का नेलं नाही विचारलं, तर म्हणाली, "असं तोंड लोकांत कसं दाखवू, ताई?"

मैत्रिणींनो, जरा हिशोब करून पाहा. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे भाग सरकत मध्यावर येऊन जुळतात. ते जुळायचे राहिले, की फट राहते. म्हणजे दिवस गेल्याचं जेमतेम कळतं, तेव्हाच हे सगळं घडून गेलेलं असतं. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा संबंध येतोच कुठे?

जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ असं असतं. कारणही एकच नसतं. काही आनुवंशिकता, शिवाय विडी-सिगारेट, आईला आधीपासून असलेला मधुमेह, फिटवरची काही औषधं. (ही औषधं मनानं बंद मात्र करू नका, मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.) अरब देशांत चुलत-मावस भावंडांत लग्नं पुष्कळ होतात. तिथल्या काही पाहण्यांत अशा जोडप्यांच्या मुलांत हा दोष जास्त आढळला, तर काहींत फारसा फरक दिसला नाही. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची रीत आहे, म्हणून हे कानावर असलेलं बरं. दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि मशेरी सोडावी, हे तर प्रत्येकीसाठी.

असं बाळ जन्मलं, तर पहिली लढाई दुधाची. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं. टाळूला फट असेल तर त्याला ओढता येत नाही. अशा वेळी आईचंच दूध काढून, बाळाला उभं धरून, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं थोडं थोडं पाजावं, मधून मधून ढेकर काढावी. वजन वाढलं तरच शस्त्रक्रिया होते. ओठाची साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत. टाळूला उशीर झाला तर बोलणं कायमचं नाकातून येण्याची भीती असते. कानही तपासून घ्यावे लागतात.

खर्चाला घाबरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ व टाळू आहे आणि उपचार मोफत आहेत. आशाताईला किंवा अंगणवाडीताईंना नुसतं सांगितलं, तरी पुढची वाट सापडते. त्या पाड्यावरचं बाळ वाटी-चमच्यानंच सावरलं आणि पुढे त्याची शस्त्रक्रियाही झाली.

उत्तर प्रदेशात मिर्झापूरकडची पिंकी सोनकर आठवते? ओठामुळे शाळेत न जाणारी ही मुलगी. वाराणसीत डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. तिच्यावरच्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं आणि २०१३ च्या विम्बल्डनमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हातून झाली.

तेव्हा शेजारी असं बाळ जन्मलं, तर ग्रहणाची तारीख विचारू नका. बाळाचं वजन विचारा, आणि त्या आईबरोबर दवाखान्यापर्यंत जा.