गोडी न कळणाऱ्या जिभेचा मधुमेह

सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळच्या वाटेवरचं म्हसावद हे शहादा तालुक्यातलं गाव. हा सगळा मुलूखच गोड: ऊस, केळी, पपई. पण इथल्या मांजरापुढे गुळाचा खडा ठेवलात तर ते हुंगून निघून जाईल, कारण त्याला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखणारी यंत्रणा दोन जनुकांच्या जोडीने तयार होते आणि मांजरात त्यातलं एक जनुक मोडलेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिलं. वाघ आणि चित्ता यांच्यातही तोच बिघाड निघाला.

आणि तरीही मांजराला मधुमेह होतो! तोही बराचसा माणसाला मोठेपणी होतो तसा. इन्सुलिनबरोबर स्वादुपिंडातून अमायलिन नावाचं आणखी एक प्रथिन पाझरतं. माणसात आणि मांजरात त्याचे चिवट तंतू बनून इन्सुलिनच्या पेशींभोवती साचू शकतात. उंदरात ते बनत नाहीत. १९८७ साली स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क यांच्या गटाने माणसाच्या स्वादुपिंडाच्या गाठीतले आणि मधुमेही मांजरातले तंतू एकाच शोधनिबंधात ओळखले. चुलीशेजारी झोपणाऱ्या त्या जिवाशी आपलं नातं इतकं खोलवरचं आहे, हे मला आजही थक्क करतं.

रोगाच्या खुणा घरातच दिसतात. पाणी पिणं आणि लघवी वाढते, भूक चांगली असूनही मांजर वाळतं. काही मांजरं मागची टाच जमिनीला टेकवून चालू लागतात. एरवी मांजर बोटांवर चालतं. साखरेने नसा दुखावल्या की ही चाल बदलते. दवाखान्यात नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते, म्हणून डॉक्टर लघवी तपासतात किंवा फ्रुक्टोसअमाइनची चाचणी करतात. ती मागच्या एक-दोन आठवड्यांचा हिशेब सांगते.

उपचार म्हणजे बहुतेकदा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, कातडीखाली इन्सुलिन. सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंतलेल्या मांजराला ती अनेकदा जाणवतही नाही. खरा धोका सुईचा नसून सिरिंजचा आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन तऱ्हेचं इन्सुलिन मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. शंभरच्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस थेट अडीचपट होतो. चार किलोच्या जिवाला तो प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर वेळी ताडून पाहा. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, मलूल झालं किंवा त्याला झटके आले तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा.

खानदेशच्या उन्हाळ्यात वीज गेली, फ्रिज बंद पडला, तर बाटली कोरड्या पिशवीत बांधून पाण्याने गार ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवता येते. बर्फाला मात्र ती लागू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

जेवणाचंही पाहायला हवं. मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या यकृतात जादा साखर झटपट उचलणाऱ्या विकराची वानवा असते. दूध-भाकरीऐवजी अंडी, चिकन, मासळी वाढवली की साखर उतरू लागते. पण इन्सुलिन चालू असताना हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा, कारण साखर उतरली की डोसही कमी करावा लागतो.

सगळ्यात मोठं नवल पुढेच आहे. चढलेली साखर स्वतःच इन्सुलिनच्या पेशींना बधिर करते. त्यांना वेळीच विसावा मिळाला तर त्या पुन्हा कामाला लागतात आणि लवकर निदान झालेल्या अनेक मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. कुत्र्यात असं क्वचितच घडतं.

इन्सुलिन सुटल्यावरही अधूनमधून साखर तपासत राहा. आणि पुढे कधी खाजेसाठी किंवा सुजेसाठी कोणी स्टेरॉइड द्यायला निघालं, तर मांजराला मधुमेह होऊन गेलाय हे आधी सांगा. त्या औषधाने तो परत उलटू शकतो.