जोगत्याचं घर
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगतिणींविषयी लिहिलं. त्यांच्यासाठी निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात चळवळ झाली, कर्नाटकात १९८२ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. जोगत्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं, आणि त्याच्या बायकापोरांकडे तर कुणी वळूनही पाहिलं नाही.

जोगता म्हणजे यल्लम्माचा पुरुष सेवेकरी, कानडीत जोगप्पा. काही जण जन्मभर लुगड्यातच राहतात. काहींचा मात्र चारचौघांसारखा संसार असतो. एरवी शेतावर, मजुरीला जायचं. देवीचा वार किंवा पुनव आली की लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन जोगव्याला निघायचं. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालातही पूजेपुरता बाईचा वेश करणाऱ्या, किंवा न करणाऱ्या, जोगत्यांची नोंद निराळी आहे.

आपला बाप लुगडं का नेसतो, याचं उत्तर अशा घरात पोराला आयतं मिळतं. देवीनं धरलंय. केसात जट आली, दुखणं हटेना, अंगात वारं आलं, म्हणजे देवीनं मागणी घातली. नाही म्हणावं तर कोप सगळ्या घरावर. हा स्वीकार भक्तीतून येतो असं म्हणायची पद्धत आहे. मला त्यात भीतीचा वाटा मोठा दिसतो. वारं आलं की घरची माणसंही पाया पडतात, 'आई' म्हणून गाऱ्हाणं घालतात. वारं उतरल्यावर आमटीत मीठ कमी पडलं म्हणून खेकसायला तोच माणूस मोकळा.

मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला हे फारच विचित्र होऊन बसतं. नवरा जमदग्नी गेला, यल्लम्मा विधवा झाली, म्हणून सौंदत्तीच्या डोंगरावर बांगड्या फुटतात. जोगताही देवीबरोबर बांगड्या फोडतो. घरी त्याची बायको सवाष्णच असते, कारण नवरा धडधाकट आहे! या नात्याला नाव काय द्यायचं, हे तिला कुणी विचारलेलं नाही. नवऱ्याला देवीनं मागितलं तेव्हाही तिचा होकार कुणी मागितला नव्हता.

देवीच्या कथेतही घरच आहे. जमदग्नीनं मुलांना आईला, म्हणजे यल्लम्मालाच, मारायला सांगितलं. परशुरामानं ऐकलं. ज्यांनी हात उचलला नाही ते भाऊ बापाच्या शापानं नपुंसक झाले, असं इथं सांगतात, आणि जोगते आपलं नातं या भावांशी जोडतात. म्हणजे ज्याला समाज उणेपणा म्हणतो, ती इथं आईची बाजू घेतल्याची शिक्षा आहे. बापाच्या लुगड्याचा अर्थ पोराला सांगायला इतकी भक्कम गोष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता निपाणीहून हायवेनं कागलला या. आनंद यादवांचं हे गाव. त्यांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा तमाशात नाच्या होतो. अंगानं पैलवान, मनानं कलावंत, आणि घरी बायको-मुलं. बाईपण त्यानं फडासाठी घेतलेलं, पण गावाची नजर फडापाशी थांबत नाही. संसार तुटत जातो. वेश तोच आणि मुलूखही तोच, फक्त गुणाच्या पाठीशी देवी नाही. (संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्तीच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत पुढं आलेल्या बालगंधर्वांच्या लुगड्याची नक्कल घरंदाज बायकांनी केली. प्रतिष्ठित रंगभूमीचा परवाना वेगळा आणि तमाशाचा वेगळा.)

राजन गवस यांनी 'भंडारभोग' कादंबरीत जोगत्याची बाजू मांडली. त्यावरही आधारलेल्या 'जोगवा' चित्रपटात उपेंद्र लिमयेंनी साकारलेला तायप्पा २००९ साली घरोघरी पोचला. तिथला सल उलटा आहे. तायप्पाला बाई व्हायचंच नाही. घरानं आणि गावानं त्याला लुगड्यात ढकललंय. देवीचा परवाना असा दोन्ही बाजूंनी कापतो: ज्याच्या मनातच बाई आहे त्याला आडोसा मिळतो, ज्याच्या मनात नाही त्याचीही सुटका होत नाही. आणि देवी न मानणारा, पण मनातून बाई असलेला बाप असेल, तर त्याच्या पोरांनी शेजाऱ्यांना काय सांगायचं?

कायद्याकडून याचं उत्तर मिळत नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात मुलाला ट्रान्सजेंडर असण्याच्या कारणावरून आईबापांपासून तोडू नये असं कलम आहे, घरात राहण्याचा हक्कही आहे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं घराबाहेर काढलेलं लेकरू होतं, आणि ते योग्यच. बाप म्हणून उंबऱ्याच्या आत असलेला माणूस त्यांच्या फारसा ध्यानात आलेला दिसत नाही.

पुढच्या लेखात जोगत्याच्या वारसाविषयी: परडी कुणाकडे जाते आणि जमीन कुणाकडे.