हळदीच्या रानातील एक दिवस

आमच्या घरी सतरा माणसे एका चुलीवर जेवतात. त्या स्वयंपाकघरात हळद लागत नाही असा दिवस वर्षात उगवत नाही. मुंज असो वा लग्न, पहिला हात हळदीलाच लागतो. असे असूनही गेल्या पौषात आमच्या आठ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, हळद झाडाला लागते की वेलीला?” थोरल्या वहिनींखेरीज घरातील कोणासही छातीठोकपणे उत्तर देता आले नाही. आम्ही तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. हळदीस हरिद्रा म्हणतात, काञ्चनी म्हणतात, अमरकोशकार तर रात्रीची सारी नावे तिला लावतो, हे आम्हांस मुखोद्गत. परंतु तिचा गड्डा मातीतून निघताना आम्ही कधी पाहिला नव्हता. आणि तेही हिंगोलीत जन्म घालवून!

यात आणखी एक लाजेची गोष्ट होती. वसमत तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. वाडवडिलांची जमीन याहून पुष्कळ होती; तिचा बराच भाग १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानंतर कसणाऱ्यांकडे गेला, व ते न्यायाचेच झाले. उरलेले रान एक कुटुंब दोन पिढ्या बटाईने करीत आले आहे. मुले नोकरीनिमित्त पांगली, बांधावर जाणारे कोणी उरले नाही, म्हणून यंदा ते एका व्यापाऱ्यास विकण्याचे आम्ही ठरविले होते. धाकटे बंधू म्हणाले, “विकायचे ते विकू, पण मुलांना एकदा रान तरी दाखवू.” माघातला एक रविवार ठरला.

हिंगोलीहून औंढा सुमारे पंचवीस किलोमीटर. प्रथम नागनाथाचे दर्शन घेतले. देवालय यादवकालीन असून भिंतींवरील मूर्तिकाम पाहू तितके थोडे. लिंग भुयारवजा गाभाऱ्यात आहे. तेथे उतरताना थोरामोठ्यांसही वाकावेच लागते. नामदेवांना विसोबा खेचर येथेच भेटले, अशी परंपरा आहे. पुढे तळ्याकाठच्या उद्यानात आम्ही बसकण मारली. मुले हिरवळीवर लोळली, आम्ही सावलीत दशम्या व शेंगदाण्याची चटणी सोडली. उद्याने अशीच असावीत. पण तेथील फुलझाडांची नावे मुले भराभर सांगत होती, आणि वाटेत लागलेल्या शेतांतील एकाही पिकाचे नाव त्यांना आले नव्हते, ही गोष्ट आमच्या मनात राहिली.

दुपारी रानात पोहोचलो. पाला आधीच कापलेला होता व कुदळीने खणणी चालू होती. मातीच्या ढेकळातून गड्डा वर आला, तशी नात ओरडली, “आजोबा, ही तर आल्यासारखी आहे!” तिने शास्त्रच सांगितले, हळद व आले एकाच कुळातली. ज्येष्ठाच्या सुमारास बेणे लावावयाचे, आठ-नऊ महिने राखावयाचे, मग मधले गड्डे व भोवतालची हळकुंडे वेगळी करावयाची. पूर्वी मोठ्या काहिलींत पाल्याने झाकून, लाकडे जाळून हळद तासन्‌तास शिजवीत. आता वाफेच्या बॉयलरमध्ये ते काम लवकर उरकते. नंतर दहापंधरा दिवस ऊन द्यावयाचे आणि फिरत्या पिंपात घोळून झळाळी आणावयाची. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीसेक किलोच उरते. चिमूटभर हळद टाकताना ही वजाबाकी आपल्या ध्यानी येत नाही. वसमतच्या या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळदीचे संशोधन केंद्रही आहे, आणि त्याच्या नावात आमची ‘हरिद्रा’ पाहून आम्हांस संतोष वाटला.

थोरल्या वहिनी वसमतकडच्याच. शिजत्या हळदीचा वास येताच त्या बांधावर थबकल्या व म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या लग्नाच्या वर्षी घरी हाच वास होता.” पुढे काही बोलल्या नाहीत. एक ओले हळकुंड मात्र त्यांनी पदराच्या गाठीस बांधले.

निघताना रान कसणारा गृहस्थ आम्हांस बाजूस घेऊन म्हणाला, “गुरुजी, रान विकायलात म्हणं. तुमचं हाय, तुमी विका. पण आधी आमाला इचारायचं व्हतं.” शब्दांत राग नव्हता, असता तर आम्हांस सोपे गेले असते. व्यापाऱ्याशी चार वेळा बैठक झाली होती, आणि ज्याच्या हाताने ही माती चाळीस वर्षे उलटली गेली त्याच्या कानी एक शब्द आम्ही घातला नव्हता. त्यास घेण्याची ऐपत नाही, असे आम्हीच परस्पर ठरविले होते. विद्यार्थ्यांना आयुष्यभर नीती शिकविणाऱ्यास त्या क्षणी उत्तर सुचले नाही.

रात्री घरी सर्व मंडळी बसली. वाद झाला, धाकट्या बंधूंचे म्हणणे, व्यापारी रोख देतो आणि नातवाच्या शिक्षणास रक्कम हवी आहे. तेही खोटे नव्हते. अखेर वहिनींनी पदराची गाठ सोडून हळकुंड मध्ये ठेवले व म्हणाल्या, “आधी त्याला विचारा. त्याला झेपले नाही तर मग पुढचे.” व्यापाऱ्यास दुसऱ्या दिवशी तसे कळविले. कसणाऱ्याने तीन वर्षांत हप्त्यांनी घेण्याचे कबूल केले आहे. भाव थोडा कमी येईल, व मुलाची फी आम्ही निवृत्तिवेतनातून भागवू.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, सहलीस उद्यानात अवश्य जावे. परंतु जवळ एखादे रान असेल तर तेही मुलांना दाखवावे, आणि ते कसणाऱ्याची चौकशी करून यावे. ते हळकुंड वहिनींनी परसात लावले आहे. पावसाळ्यात त्याला पाने येतील, तेव्हा नातीला तिच्या प्रश्नाचे उत्तर आणखी एकदा मिळेल.