जुना आवाज, नवा डबा

एका हिवाळ्यात माझा पुतण्या अकोल्याहून अमरावतीला आला आणि जेवणे आटोपल्यावर मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "बडे अब्बू, हे घेऊ का?" चित्रात पाचरीसारखा उतरता एक डबा होता. त्यावर तीन बिगुलांचे चिन्ह आणि तीन गोल बटणे. डब्याचे नाव माएस्ट्रो फझ-टोन. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये तो जमिनीवर ठेवायचा, पायाने दाबायचा, की गिटारचा आवाज फाटतो. किंमत तेव्हा १४९ डॉलर होती. वर आणण्याचा खर्च आणि जकात वेगळी.

आवाज फाटण्यासाठी एवढे पैसे! सुरेश भटांच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे पटायला जरा वेळ लागतो.

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुतण्या लग्नसराईत ऑर्केस्ट्रामध्ये गिटार वाजवतो. दोन हंगामांची त्याची कमाई भावजयीने पोस्टात ठेवली आहे. माझा धाकटा भाऊ आता नाही. पैसे काढायचे तर आधी बडे अब्बूंना विचार, असे तिनेच त्याला सांगून पाठवले होते. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. गिटारची एक तार मला लावता येत नाही. तरी मला विचारण्यामागे एक कारण होते. आमच्या अब्बांचे अकोल्यात ताजनापेठेच्या बाजूला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, पुढे ते भावाने चालवले. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथे बसायचो, बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर ओळी खरडायचो आणि कान रेडिओकडे असायचा. फाटलेला आवाज कशाने फाटतो, एवढे तिथे शिकलो.

आता हा फझ म्हणजे काय ते सांगतो. ध्वनीची लहर डोंगरांच्या रांगेसारखी असते, चढ आणि उतार. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर चढवले की तो डोंगरांचे माथे कापून टाकतो, गोल शिखरांची पठारे होतात. कापलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर बाहेर पडतात, आणि आवाजाला खरखर, धार, गुणगुण येते. उरुसात बॅंजोवाला आपला बुलबुलतरंग भोंग्यावर पूर्ण चढवून वाजवतो तेव्हा तुम्ही हेच ऐकता. आणि खरखर म्हणजे दोषच, असेही नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? तार साफ बोलू नये, तिने झंकारावे म्हणून. फझ ही जवारीची जरा आडदांड चुलत बहीण समजा.

तिचा जन्मही दोषातूनच झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला, लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम करणारे यंत्र बनवले, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते माएस्ट्रो नावाने बाजारात आणले. गिटारमधून ट्यूबासारखा, चेलोसारखा आवाज काढा, अशी त्याची जाहिरात होती. तसा आवाज काही निघेना आणि डबे पडून राहिले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरुवातीची धून त्यावर वाजवली. तीसुद्धा पुढे तिथे ब्रास वाद्ये घालायची म्हणून, तात्पुरती! ती तशीच राहिली आणि डबा चालला. आपल्याकडेही ही लाट आली होती. सिमला बीट स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डवर हा खरखरीत गिटार ऐकू येतो.

२०२२ मध्ये गिब्सनने माएस्ट्रो हे नाव पुन्हा जिवंत केले. पुतण्याच्या मोबाइलमधला डबा तो. इथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट उपयोगी पडली. जुन्या कवितासंग्रहाचे पुनर्मुद्रण निघते आणि सुधारित आवृत्तीही निघते, मुखपृष्ठ मात्र दोन्हीवर सारखेच असू शकते. ग्राहकाने हातात आपल्या काय आहे ते ओळखायचे. मूळ डब्याला दोन बटणे होती, गिटारला जोडायची वायर त्यातूनच बाहेर आलेली होती, आणि तो दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर, म्हणजे अवघ्या तीन व्होल्टवर चालायचा. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर. नव्याला तीन बटणे आहेत, तो नऊ व्होल्टवर चालतो आणि जुना आवाज की आधुनिक, हे निवडायला एक खटका आहे. म्हणजे ही सुधारित आवृत्ती झाली. वाईट आहे असे मी म्हणत नाही, उलट वापरायला ती सोयीची. फक्त 'तोच डबा परत आला' या भावनेपोटी पैसे मोजू नयेत. आणि खरा साठ-पासष्ट सालचा डबा घेऊ म्हणाल, तर किंमत कैक पटींनी जास्त, आतले कपॅसिटर वाळलेले, आणि दुरुस्तीला ओळखीचा माणूस नाही.

पुतण्याचे मन मात्र जर्मेनियमवर बसले होते. तो आवाज मऊ असतो, गिटारचे व्हॉल्यूम जरा उतरवले की साफ होतो, असे तो सांगत होता. खरे आहे ते. जिमी हेंड्रिक्स वापरायचे तो फझ फेस नावाचा गोल डबा १९६६ मध्ये लंडनमध्ये निघाला, त्यातही सुरुवातीला जर्मेनियमच होते. हे ऐकता ऐकता मला अब्बांचे दुकान आठवले. जर्मेनियम आम्हाला परका नव्हता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर इथेच बनवले. एसी १२८ हा त्यातला नेहमीचा, आपल्या रेडिओंमध्ये सर्रास असायचा. आणि तोच नंबर काही जुन्या फझमध्येही सापडतो!

या एसी १२८ ची खोड अब्बांना पाठ होती. एप्रिल-मे आला की दुकानात गिऱ्हाईक यायचे, "भाऊ, सकाई चांगला बोलते, दुपारी घोगरा होते." अब्बा आधी विचारत, रेडिओ ठेवता कुठे? खिडकीत, उन्हात. मग ते मागचे झाकण काढून ट्रान्झिस्टरला बोट लावून पाहत. जर्मेनियममधून बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. लंडनच्या वीस अंशांत जुळवलेले यंत्र अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत आणा, म्हणजे गळती पाच-सहा पट. फझमध्ये दोन-तीनच ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांचा तोल फार नाजूक असतो. तो ढळला की आवाज मऊ राहत नाही, तुटक तुटक येतो, नाहीतर बसतो.

म्हणून मी पुतण्याला म्हटले, एप्रिलपर्यंत थांब. आपल्याकडे लग्ने उन्हाळ्यातच असतात. जी वस्तू मंडपात वाजवायची, ती मंडपाच्या उन्हात तपासावी.

त्याने नागपूरच्या एका मित्राकडून दुसऱ्या कंपनीचा, जुन्या नमुन्यावर बनवलेला जर्मेनियम फझ चार दिवसांसाठी आणला. मी बसने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो. दुपारी चार वाजता, टिनाच्या पत्र्याखाली, जिथे त्यांचा सराव चालतो तिथेच लावायला सांगितला. सकाळी घरात रेशमासारखा वाजलेला डबा तिथे अक्षरशः उचक्या देऊ लागला. रात्री अकरानंतर अंगणात वाजवला, तेव्हा बराचसा ताळ्यावर आला.

दुसरी अडचण मला त्या दिवशीच कळली. ऑर्केस्ट्रात यांची गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जात नाही. सरळ मिक्सरमध्ये आणि तिथून मोठ्या स्पीकरांत जाते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर वरची कर्कश धार गाळून टाकतो, ही गाळणीच इथे नाही. त्यामुळे मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटत होते. शिवाय हा डबा गिटारला थेट जोडलेला लागतो. मध्ये कॉर्डलेसचा ट्रान्समीटर आला की त्याचा तो लाडका साफ होण्याचा गुण जातो. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच जर्मेनियम डब्यांची वीजजोडणी उलटी असते, म्हणून तो बाकीच्या पेडलांच्या एकाच अ‍ॅडॉप्टरवर लावता येत नाही. हे सारे डब्याचे दोष नव्हेत. ज्याच्याकडे बरा अ‍ॅम्प्लिफायर आहे, थंड खोलीत ध्वनिमुद्रण करायचे आहे, वॉरंटी आणि जुन्या गाण्यातला तो आवाज हवा आहे, त्याने असा नव्याने निघालेला डबा जरूर घ्यावा. माझ्या पुतण्याचे पोट मंडपावर आहे.

पोस्टातले पैसे पोस्टात राहिले. भावजयीने चहा देताना फक्त एवढेच विचारले, "म्हणजे ते मशीन खराब आहे का?" मी म्हटले, नाही, आपले ऊन खराब आहे.

कार्यक्रमांसाठी त्याने सिलिकॉनचा फझ स्वतःच जोडला, सगळे सामान सातशे रुपयांच्या आत आले. सिलिकॉनचा आवाज जरा तिखट, पण उन्हाला तो बधत नाही. त्याची एक गंमत म्हणजे असा फझ कधी कधी रेडिओ पकडतो. एकदा सरावाच्या वेळी दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून बारीक आवाजात कोणीतरी बोलताना ऐकू आले म्हणे. मुले घाबरली, मला मात्र आनंद झाला.

आणि जर्मेनियम? भावाच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात एसी १२८ चे चौदा नग निघाले. पुतण्याने मल्टिमीटरवर एकेकाची गळती आणि गुणन मोजले. दहा कामातून गेलेले. चार बरे, त्यातल्या दोघांची जोडी जमली. त्या जोडीवर केलेला फझ तो पहाटे, उन्हे वर येण्याआधी, भावाच्या कामाच्या टेबलावर वाजवतो. मार्च संपला की डब्यातला सेल काढून तो कपाटात ठेवून देतो.