हिमनिद्रेतील बीजधन

नागपूरचे नाव घेताच संत्र्याचे स्मरण होते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागांत संत्र्यांच्या बागा दूरवर पसरलेल्या आहेत. तेथील शेतकरी जंबेरीच्या खुंटावर उत्तम झाडाचा डोळा बांधतो आणि मातृवृक्षाचे गुण नव्या कलमात उतरवितो. परंतु हे धन उघड्यावरचे आहे. डिंक्यासारखा रोग, कोळशीसारखी कीड किंवा दीर्घ अवर्षण यांमुळे बागा वाळून जातात. एखादे वाण समूळ नष्ट झाले, तर ते पुन्हा जसेच्या तसे निर्माण करणे मनुष्याच्या हाती नसते.

याकरिता नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने आपल्या प्रक्षेत्रावर अनेक जातींची झाडे जतन केली आहेत. तथापि, झाड म्हटले की त्यालाही रोगाचे व अवर्षणाचे भय आहेच. मग बियाच साठवून का ठेवू नयेत? ज्वारी-गव्हाचे बियाणे वाळवून उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले, तर ते अनेक वर्षे टिकते. लिंबूवर्गातील बियांना मात्र अशी साठवण सहसा मानवत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. बीमधील ज्या इवल्याशा भागापासून मूळ व अंकुर फुटतात, तो गर्भाक्ष अलगद काढून घ्यावयाचा आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावयाचा. या द्रवाचे तापमान उणे १९६ अंश असते. एवढ्या थंडीत पेशींतील सर्व व्यवहार जवळजवळ थांबतात. जीव मरत नाही, वाढतही नाही; जणू गाढ झोपी जातो.

या कामात खरा शत्रू पाणी होय. पाणी गोठले म्हणजे त्याचे स्फटिक बनतात आणि ते पेशींची आवरणे फाडतात. म्हणून गर्भाक्ष आधी बेताने सुकवितात. काही वनस्पतींचे कोंब साखर व इतर द्रव्ये असलेल्या दाट द्रावणात ठेवतात. नंतर ते अतिशय वेगाने थंड केले असता पेशींतील पाण्याचे स्फटिक न बनता ते काचेसारखे घट्ट होते.

दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोत अशी शीतपेढी आहे. तेथे लिंबूवर्गीय जातींचे गर्भाक्षही राखलेले आहेत. गरज पडल्यास ते कोमट पाण्यात ऊब देऊन जागे करतात व काचनळीतील पोषक द्रव्यावर वाढवितात. सर्वच जगतात असे नाही. म्हणून काही नमुने मधूनमधून तपासून पाहावे लागतात. नायट्रोजन सतत उडून जात असल्यामुळे टाक्याही वेळोवेळी भराव्या लागतात.

शीतपेढी म्हणजे बागेची जागा घेणारी वस्तू नव्हे. बाग आज फळ देते. पेढी उद्याची बाग राखून ठेवते. शेतकऱ्याचे श्रम आणि शास्त्रज्ञाची दक्षता एकत्र आली, तरच हे बीजधन पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप पोहोचेल.