हंगामात मागे राहिलेल्यांचं आरोग्य

दसरा-दिवाळी उरकली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं ओस पडू लागतात. उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. घर सांभाळायला उरतात ती म्हातारी माणसं, आणि पुष्कळदा त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. मांजरसुंबा-केज रस्त्यावरच्या नेकनूर परिसरात वृद्धांच्या आरोग्यसेवेचा मागोवा घ्यायचा, तर तो याच माणसांच्या बाजूने घ्यायला हवा.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 20 ने सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा, वेगळी रांग आणि जुनाट आजारांवर उपचार हवेत, असं सांगितलं. 2010-11 मध्ये वयोवृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम देशातल्या 100 जिल्ह्यांत सुरू झाला. म्हातारपणाचं दुखणं सोसायचंच असतं, या समजुतीला सरकारी कागदावर तरी उत्तर मिळालं.

पुढच्या दशकात खर्चाचं ओझं हलकं होत गेलं. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना 2013 मध्ये राज्यभर पोचली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांचं शुल्क बंद झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारतखाली सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं. पूर्वी औषधपाण्यासाठी शेरडू विकणाऱ्या घरांना या बदलांचं मोल सांगावं लागत नाही.

पण विमा योजनांचा भर दवाखान्यात दाखल होणाऱ्या रुग्णावर आहे. म्हातारपण बहुतेक वेळा दाखल न होताच झिजवतं: रक्तदाब, साखर, गुडघे, अधू नजर, कमी ऐकू येणं. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला गोळ्या लागतात, तपासणी लागते, आणि बीडला किंवा अंबाजोगाईला नेणारं सोबतीचं माणूस लागतं. एसटीचं तिकीट माफ झालं, तरी मुलगा-सून फडात असताना बसमध्ये चढवणार कोण? गोळ्या संपल्या की दुखणं अंगावर काढलं जातं आणि योजनेचं कार्ड बाहेर निघतं ते अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

म्हणून पुढचं पाऊल इमारतीचं नको, पाठपुराव्याचं हवं. टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी व्हावी. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या उपकेंद्रातच, दोन-तीन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात. आशाताईंना या घरभेटींचा वेगळा मोबदला मिळावा. डोळे, कान आणि साखर एकाच फेरीत तपासली जावी. मजुरांच्या स्थलांतराचं वेळापत्रक मुकादमाला ठाऊक असतं. ते आरोग्य खात्यालाही ठाऊक असलं पाहिजे. साखर कारखान्यांचा हंगाम ज्यांच्या मुलांच्या कष्टावर चालतो, त्यांच्या औषधांत खंड पडू न देणं हे राज्याचं कर्तव्य आहे.